ताजच्या मागचे गोकुळ

कुलाबा कॉजवेवर संध्याकाळी बसायला जागा शोधणाऱ्या पाहुण्याला कोणीही लिओपोल्ड किंवा माँडेगार हे जुने कॅफे सांगेल आणि त्यात गैर काहीच नाही. पण मुंबईतच राहणाऱ्या, पगार जपून खर्च करणाऱ्या आणि मित्रांशी चार शब्द निवांत बोलायला बाहेर पडणाऱ्या माणसाचे ठिकाण तिथून हाकेच्या अंतरावर, ताजमहाल हॉटेलच्या मागे टुलक रोडवर आहे. गोकुळ रेस्टॉरंट अँड बार ही दक्षिण मुंबईतली माझ्या मते सर्वांत भरवशाची परमिट रूम, म्हणजे दारूचा परवाना असलेला साधा बार, आहे.

गोकुळमध्ये पाहण्यासारखे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. साधी टेबले, भरपूर उजेड, सतत येणारीजाणारी माणसे आणि त्यांच्या बोलण्याचा गलका एवढाच तिथला थाट आहे. याच परिसरातल्या तारांकित हॉटेलांत एका पेगला जे पैसे पडतात त्यात इथे दोघांची संध्याकाळ सहज निघते, आणि म्हणूनच महाविद्यालयीन मुले, फोर्टातल्या कचेऱ्यांतून सुटलेले नोकरदार, परदेशी पर्यटक आणि वर्षानुवर्षे ठरलेल्या टेबलावर बसणारे वयस्क गृहस्थ हे सगळे एकाच खोलीत दिसतात. ज्या काळात समलैंगिक संबंध कायद्याने गुन्हा होते, म्हणजे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल देण्याच्या कितीतरी आधी, शनिवारी रात्री शहरातले समलैंगिक पुरुष इथे जमत असत, हेही गोकुळच्या लौकिकात जमेला धरायला हवे. माणसाला त्याच्या टेबलावर त्याच्या मनासारखे बसू देणे हा चांगल्या बारचा पहिला गुण आहे, आणि तो महागड्या सजावटीने येत नाही.

परमिट रूम मुंबईला मिळाली ती 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे. दारूबंदीच्या कडक काळात परवाना असलेल्यालाच पिण्याची मुभा होती. पुढे निर्बंध सैल झाले, तरी कायदा आजही लागू आहे आणि कागदोपत्री आजही एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन परवाना लागतो. बीअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची, तर व्हिस्की-रमसाठी 25 वर्षांची आहे, हे बाहेरच्या राज्यांतून शिकायला आलेल्या मुलांना पुष्कळदा ठाऊक नसते. ड्राय डेचेही तेच. गांधी जयंती सर्वांच्या लक्षात राहते, मात्र आषाढी एकादशीला किंवा अनंत चतुर्दशीला बंद दारापर्यंत जाऊन परतणारे दरवर्षी भेटतात.

परमिट रूमची खरी परीक्षा वेटरच्या हातात असते. क्वार्टर, म्हणजे 180 मिलीलिटरची बाटली, मागवली की सीलबंद बाटली टेबलाशी आणून, लेबल दाखवून, सील तुमच्या डोळ्यांदेखत फोडले गेले पाहिजे. सुटा पेग असेल तर तीस किंवा साठ मिलीलिटरचे माप काठोकाठ भरून ग्लासात पूर्ण उलटे केले गेले पाहिजे. सोडा किती घालायचा हे न विचारता ग्लास भरून टाकणारा वेटर आपल्या धंद्यात कच्चा समजावा. जाणता वेटर थोडा सोडा ओततो, थांबतो, तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि तुमची मान हलली की बाटली खाली ठेवतो. ही अदब ज्या बारमध्ये टिकून आहे तिथे रोजचे गिऱ्हाईक टिकते. शहरातल्या काही नव्या, अंधाऱ्या ठिकाणी माप काउंटरमागे होते, बिलात न मागितलेल्या चखण्याचे आणि सेवाशुल्काचे पैसे लागतात, आणि संगीत इतके मोठे असते की समोरच्याचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागते. अशा जागी दुसऱ्यांदा जाण्याचे कारण मला दिसत नाही.

चखण्याबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. शेंगदाणे, मसाला पापड आणि तळलेल्या मसालेदार चण्यांचा चणा कोळीवाडा हे परमिट रूमचे कायमचे सोबती आहेत. त्यातला चणा कोळीवाडा गरम असेल आणि वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू असेल तर आणखी काही मागवण्याची गरज पडत नाही. पोटभर जेवायचे तर त्याच रस्त्यावर बडेमियाँ आहे. तिथे सीख कबाब आणि रुमाली रोटी गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्याने खाण्याची पद्धत कुलाब्याने वर्षानुवर्षे पाळली आहे.

कॉजवेवरच्या दोन्ही जुन्या कॅफेंना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. माँडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी काढलेली माणसे पाहत बीअरचा पिचर संपवणे हा आनंद शहरात दुसरीकडे मिळत नाही, आणि मुंबईकराने तो दुपारी, गर्दी नसताना घ्यावा. 1871 पासून चालत आलेल्या लिओपोल्डने 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा भिंतींवर तशाच ठेवल्या आहेत आणि त्याबद्दल या शहराला त्या जागेविषयी आदर वाटतो. वांद्र्याकडे राहणाऱ्यांनी एवढ्या लांब यावे असा आग्रह नाही. पाली नाक्यावरचा जनता बार त्यांच्यासाठी हेच काम करतो, आणि संगीत हवे असेल त्यांच्यासाठी जवळच टोटोज गॅराज आहे, जिथे बारच्या वर फोक्सवॅगनची बीटल गाडी टांगलेली आहे आणि ऐंशीच्या दशकातले रॉक वाजते.

गोकुळला जायचे तर शनिवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी, साडेसातच्या आत पोहोचावे, म्हणजे चौघांना टेबल मिळते. नऊनंतर अनोळखी माणसांच्या शेजारी बसण्याची तयारी ठेवावी. मुंबईत बार रात्री दीडपर्यंत चालतात, पण लोकलने घरी जाणाऱ्याला दीडपर्यंत बसून चालत नाही. चर्चगेटहून बोरिवलीकडची शेवटची गाडी एकच्या सुमारास असते आणि सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या त्याही आधी सुटतात. त्यामुळे कल्याणपुढे जाणाऱ्यांनी साडेअकरालाच बिल मागवावे, रोख पैसे जवळ ठेवावेत, वेटरची टिप त्याच्या हातात द्यावी आणि रिगल सिनेमाच्या चौकात टॅक्सी पकडावी.