जुना थिंकपॅड टी४८०: वर्षभर घरातला एकमेव लॅपटॉप म्हणून वापरल्यानंतर

वीस-पंचवीस हजारांत रोजच्या कामाचा भरवशाचा लॅपटॉप हवा असेल, तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपनीच्या वापरातून निघालेला जुना, पण दणकट बांधणीचा लॅपटॉप घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. माझ्याकडे लेनोवोचा थिंकपॅड टी४८० आहे. हे मॉडेल २०१८ चं. पुण्याच्या एका दुकानातून रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) घेतला; आठ जीबी रॅम (चालू कामापुरती स्मृती), २५६ जीबी एसएसडी (कायमची जलद साठवण), रीतसर बिल आणि दुकानाची काही महिन्यांची हमी मिळून वीस हजारांच्या आत पडला. वर्ष होत आलं आणि घरात दुसरा लॅपटॉप नाही, त्यामुळे याने दांडी मारली असती तर काम खरोखरच अडलं असतं.

काम काय, ते आधी सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. मी सोलापुरात काही दुकानांचे हिशेब लिहिते. टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मोठमोठ्या एक्सेल फाइली, जीएसटीचं पोर्टल आणि ब्राउझरमध्ये एका वेळी पंधरा-वीस टॅब, हा माझा दिवस. संध्याकाळी मुलगा बसतो. तो डिप्लोमाला आहे, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा सराव आणि व्हिडिओ लेक्चर. रविवारी सासूबाई नणंदेशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

घेण्याआधी नवे लॅपटॉप भरपूर पाहिले. या किमतीत नवं म्हटलं की बहुतेक ठिकाणी सेलेरॉन (इंटेलचा अगदी स्वस्तातला) नाहीतर त्याच दर्जाचा प्रोसेसर पुढे केला जातो. सेलेरॉन एन४०२० मध्ये दोनच कोअर (काम करणारे गाभे) आहेत. त्यासोबत चार जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (एसएसडीपेक्षा मंद) साठवण आली, की विंडोजचे अपडेट सुरू असताना साधं पत्रही धड टाइप होत नाही. थोडे पैसे वाढवले की एएमडी कंपनीचा रायझन ३ ७३२०यू दिसायला लागतो. आकडा सात हजारांचा असल्याने तो अगदी ताजा वाटतो, पण एएमडीच्या या मालिकेत तिसरा अंक बघायचा असतो. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेच्या पिढ्यांचं नाव), म्हणजे मुळात २०१९ मधली. ७५३०यू मध्ये तिसरा अंक ३ आहे, म्हणजे झेन ३, आणि तो ७५२०यू पेक्षा खरोखर वेगळा आहे. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. ७३२०यू आणि ७५२०यू वाल्या लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते. आठ जीबी घेतली की कायमची आठच. पुढे वाढवायची सोय नाही.

मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. स्वस्त लॅपटॉपचा भरवसा पहिल्या दिवशीच्या वेगावरून ठरवू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरी बसली, कीबोर्डची दोन बटणं गेली किंवा रॅम कमी पडायला लागली, तर आपल्या गावात हजार-दोन हजारांत तो दुरुस्त होतो का, हे बघावं. थिंकपॅडची टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक ही कंपन्यांना शेकड्याने विकली जाणारी यंत्रं. तिथे आयटी विभागाला ती पटापट उघडून दुरुस्त करावी लागतात, म्हणून ती तशीच बांधलेली असतात. तीन-चार वर्षांचा करार संपला की सगळा लॉट एकदम बाहेर पडतो, आणि म्हणून सुटे भागही भरपूर मिळतात.

टी४८० च का, याला आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. टी४७० दिसायला जवळजवळ असाच, पण तो सहाव्या-सातव्या पिढीचा, त्यामुळे बाहेर राहतो. माझ्या लॅपटॉपमध्ये कोअर आय५-८३५०यू आहे, चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे धागे). मागच्या पिढीच्या यू मालिकेतल्या (कमी वीज खाणाऱ्या) आय५ ला दोनच कोअर होते, म्हणजे याच पिढीत मोठी उडी झाली. जुना बाजार फिरताना 'आय५ आहे ना, मग झालं' यावर समाधान मानू नका, पिढी विचारा. आठच्या खालचा कितीही स्वस्त मिळाला तरी विंडोजवर काम करणाऱ्याने घेऊ नये.

खरेदीच्या वेळी दुकानात अर्धा-पाऊण तास उभं राहून तपासणी केली. दुकानदार आधी जरा वैतागला, मग त्यानेच खुर्ची दिली. सगळ्यात आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघितलं. तिथे जुन्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड (या सेटिंगला लावलेलं कुलूप) राहिलेला असेल तर तो लॅपटॉप सरळ परत करा, थिंकपॅडवर तो काढणं सोपं नसतं. दुसरं म्हणजे विंडोज कोरी करून, इंटरनेट जोडून सुरुवातीपासून चालू करून बघणं. लॅपटॉप अजून कुठल्या कंपनीच्या नावावर नोंदलेला असेल, तर 'या संस्थेत स्वागत आहे' म्हणत कंपनीचा ईमेल मागतो. असा माल फुकटही नको. त्यानंतर बॅटरीचा अहवाल: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. 'बॅटरी एकदम मस्त' हे दुकानातलं वाक्य या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर एसएसडी किती वापरली गेली ते सांगतं. शेवटी पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडून डाग बघितले आणि नोटपॅडमध्ये एकूण एक बटण दाबून पाहिलं.

घरी आल्यावर रॅमचा आठ जीबीचा आणखी एक तुकडा बसवून घेतला. आत दोन जागा आहेत, डीडीआर४ लॅपटॉप रॅम चालते. या बदलाने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल आणि मुलाचं अर्धवट सोडलेलं प्रोजेक्ट हे सगळं एकाच वेळी उघडं राहतं आणि एकातून दुसऱ्यात जाताना वाट बघावी लागत नाही. ज्यांना आठच जीबीवर थांबायचं असेल त्यांना साधा वापर जमेल, पण ब्राउझर हल्ली एकटाच किती खातो ते बघता सोळा घ्यावी असंच मी सांगेन. उघडण्याआधी बायोसमध्ये जाऊन आतली बॅटरी तात्पुरती बंद करायची असते, तसा पर्याय तिथे दिलेला आहे. कारागिराला हे माहीत नसेल तर आठवण करून द्या.

बॅटरीबद्दल थोडं सविस्तर. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत २४ वॉट-तासांची आणि एक मागून काढता येणारी. मागची २४, ४८ किंवा ७२ वॉट-तासांची मिळते. मागची काढली तरी लॅपटॉप आतल्या बॅटरीवर चालू राहतो, म्हणजे काम न थांबवता बॅटरी बदलता येते. उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख असली, की या रचनेचं मोल कळतं. लॅपटॉपसोबत आलेली मागची बॅटरी थकलेली होती, ते अहवालातच दिसत होतं आणि त्यानुसार किंमत कमी करून घेतली होती. नंतर ७२ वाली घेतली. दोन्ही मिळून माझं दिवसभराचं हिशेबाचं काम आरामात निघतं. मात्र या बॅटऱ्यांच्या बाजारात नकली माल फार आहे. एका विक्रेत्याकडची पहिली बॅटरी काही आठवड्यांतच निम्म्यावर आली, ती परत करून दुसरीकडून घ्यावी लागली. नवी बॅटरी बसवल्यावर लगेच आणि महिन्याभराने पुन्हा अहवाल काढा, परत करायची मुदत संपायच्या आत.

चार्जिंग यूएसबी-सीने होतं, चार्जर ६५ वॉटचा. पॉवर डिलिव्हरी (यूएसबी-सीवरून वीज देण्याची सर्वमान्य पद्धत) असलेला दुसरा चांगला चार्जरही चालतो, त्यामुळे प्रवासात वेगळा ठोकळा लागत नाही. मोबाइलच्या चार्जरवर ८० वॉट लिहिलंय म्हणून तो लॅपटॉपला तेवढी वीज देईलच असं नाही. काही कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत फक्त त्यांच्या फोनपुरती असते. आणखी एक काळजी: या पिढीच्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट पोर्टसाठी (जास्त वेगाच्या यूएसबी-सी जोडणीसाठी) लेनोवोने नंतर फर्मवेअरची, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरची, सुधारणा काढली होती. जुना लॅपटॉप आधीच्या मालकाने अपडेट केलाय की नाही हे कळत नाही, म्हणून घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी ती सुधारणा करून टाकावी.

कीबोर्ड हे या लॅपटॉपचं खरं सुख. बटणं खोल दाबली जातात, आकडे भरताना बोट कुठे पडलं ते न बघता कळतं. वेगळा नंबरपॅड नाही, त्यामुळे मी साधा यूएसबी नंबरपॅड जोडते. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलऐवजी एफएनचं बटण आहे. ती अदलाबदल बायोसमध्ये करता येते, मी पहिल्याच दिवशी केली. मराठी टायपिंगला काही अडचण नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची ठरलेली मांडणी) आणि उच्चारानुसारचा फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड आहेत. दुकानदारांना थकबाकीची पत्रं मी मराठीतच पाठवते.

दोन मोठे यूएसबी, एचडीएमआय, लॅन आणि एसडी कार्डाची खाच हे सगळं अंगचंच आहे. डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, नंबरपॅड यांसाठी माझ्याकडे एकही जोडणी-डोंगल नाही.

आता उणीवा. पडदा फुल एचडी आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा) आहे, पण उजेड २५० निट्सचाच, म्हणजे कमी. खिडकीपाशी किंवा गच्चीत बसून काम होत नाही, आणि रंग फिके दिसतात. फोटोचं काम करणाऱ्याला हा अजिबात चालणार नाही. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चा हलक्या दर्जाचा पडदाही येत असे. जुन्या बाजारात तो स्वस्तात गळ्यात मारतात, नीट विचारून घ्या. कॅमेरा ७२०पीवाला (साध्या एचडी दर्जाचा), सासूबाईंना पुरतो, ऑनलाइन मुलाखतीला दिवा समोर ठेवावा लागेल. आवाज खालच्या बाजूने येतो, त्यामुळे गादीवर ठेवला की दबतो. मोठी बॅटरी लावल्यावर वजन दोन किलोच्या जवळ जातं आणि मागे फुगवटा येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा घोंघावायचा. पंखा साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घेतल्यावर तो आवाज बराच कमी झाला. जुना लॅपटॉप घेताना हा काही शे रुपयांचा खर्च किमतीत धरूनच चालावं.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर रॅम, बॅटरी आणि साफसफाई धरून एकूण खर्च पंचवीस हजारांच्या थोडा वर गेला. तेवढ्यात नवा लॅपटॉप आला असता, हे खरं. पण त्यात सोळा जीबी रॅम, बदलता येणारी बॅटरी आणि असा कीबोर्ड मिळाला नसता.

हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. मुलगा किंवा मुलगी परगावी होस्टेलला चालली असेल आणि तिथे लॅपटॉप उघडून बघणारं कुणी ओळखीचं नसेल, तर कंपनीची हमी असलेला नवाच घ्या. पस्तीस-चाळीस हजारांची तयारी ठेवा, इंटेलचा आय३-१२१५यू किंवा रायझन ५ ७५३०यू बघा, आणि रॅमची निदान एक जागा मोकळी आहे का ते मॉडेलच्या अधिकृत माहितीपत्रकात वाचून मगच पैसे द्या. ज्यांच्या गावात एक तरी प्रामाणिक दुरुस्तीवाला आहे आणि काम माझ्यासारखं हिशेबाचं, अभ्यासाचं, पत्रव्यवहाराचं आहे, त्यांनी जुना घ्यावा. खरेदीला जाताना पेनड्राइव्हवर विंडोज ११ चं इन्स्टॉलर नक्की न्या. तुमच्यासमोर ते टाकू न देणाऱ्या दुकानातून काहीच घेऊ नका.