‘ऑर्कनी व्होल’च्या कवट्यांचा संच घेण्याआधी हे वाचा

व्होल म्हणजे उंदरासारखा, आखूड शेपटीचा छोटा कुरतडणारा प्राणी. त्याच्या कवट्या जमवणाऱ्यांमध्ये ऑर्कनी व्होलला एवढा भाव का, ते आधी सांगतो, कारण गंडा घालणारा त्यावरच खेळतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर हा प्राणी आहे, ब्रिटनच्या मुख्य भूमीवर नाही. १९०४ मध्ये त्याचं वर्णन स्वतंत्र प्रजाती म्हणून झालं. पुढे तो युरोपातला साधा व्होल, म्हणजे मायक्रोटस अर्व्हॅलिसच, असं ठरलं. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी माणसांसोबत बेटावर पोचलेला आणि तिथे अंगाने थोराड झालेला. म्हणजे ओळखीची पहिली खूण आकार, आणि आकाराइतकं खोटं बोलायला सोपं दुसरं काही नाही.

मी साधे व्होल पाळतो. पिंजऱ्यात मेलेल्यांच्या कवट्या साफ करून जन्माच्या नोंदीसकट ठेवतो. त्यांच्या शेजारी मांडायला ऑर्कनीच्या हव्या होत्या. विकणाऱ्याने पाठवलेल्या संचात प्रत्येक कवटीला चिठ्ठी बांधलेली होती: बेटाचं नाव, नर की मादी, आणि लांबी मिलिमीटरच्या दोन दशांशांपर्यंत. हे दोन दशांश म्हणजे निव्वळ रुबाब.

कारण ज्याने व्होलची कवटी हातात धरून मोजली आहे, तो असा आकडा छातीठोकपणे लिहिणार नाही. प्रौढ साध्या व्होलची कवटी साधारण २३ ते २६ मि.मी. भरते. व्हर्नियर (मोजायचा चिमटा) जरा जास्त दाबला की पुढची हाडं दबतात, जरा तिरका धरला की आकडा सरकतो. उकळून साफ केली असेल तर सांधे सैल होतात. गालाच्या हाडाची कमान तर एवढी नाजूक की रुंदी मोजता मोजताच तुटते. आणि सगळ्यात मोठा घोळ वयाचा. व्होल वयात आला तरी त्याची कवटी वाढतच राहते. रानात बहुतेक व्होल वर्षभरही टिकत नाहीत, पिंजऱ्यात मात्र म्हातारे होतात. माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या नराची कवटी त्याच्याच पिल्लाच्या कवटीशेजारी ठेवली, तर नवखा माणूस बेधडक दोन प्रजाती सांगेल. डोळ्यांच्या खोबणींमध्ये कवटीवर जी धार उठते, तीसुद्धा वयानेच ठळक होते. तेव्हा वय न लिहिता नुसती लांबी सांगणाऱ्याचा माल आधी संशयाने बघायचा.

माझ्या मापात आणि चिठ्ठीवरच्या मापात मेळ बसेना. भिंगाखाली धरलं तर कवटीच्या मागच्या बाजूला, जिथे मान जोडलेली असते, तिथे एक चकचकीत रेघ. कोमट पाण्यात ठेवल्यावर मागचा तुकडा अलगद सुटून आला. घुबडाने ओकलेल्या गोळ्यांमधून निघणाऱ्या कवट्या बहुधा मागून फुटलेल्या असतात. त्यांना दुसऱ्याच कवटीचा मागचा भाग लावला होता, आणि मधे डिंकाचा जाड थर भरून लांबी वाढवली होती.

खरा उलगडा दाढांनी केला. वरच्या जबड्यातली दुसरी दाढ बघा. साध्या व्होलमध्ये चावण्याच्या पृष्ठभागावर इनॅमलची नागमोडी नक्षी मागे सरळ संपते. शेतातल्या व्होलमध्ये, म्हणजे मायक्रोटस अग्रेस्टिसमध्ये, मागच्या टोकाला जिभेच्या बाजूने एक छोटा जादा त्रिकोण असतो. साध्या व्होलमध्येही तो क्वचित दिसतो, हे खरं. पण संचातल्या एकूण एक कवटीत? अग्रेस्टिस ब्रिटनच्या मुख्य भूमीवर भरपूर आहे, ऑर्कनीवर मुळीच नाही. चिठ्ठीवरचं बेट तिथेच बुडालं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. बेटावरचे नमुने वेगळे असतात, असं त्याने आधी सांगितलं. मग म्हणाला, कवटी पाण्यात घातली ना, आता माल परत घेता येणार नाही.

कोणाला असा संच घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी वरच्या दाढांचा खालून, अगदी जवळून काढलेला फोटो मागा. मागच्या भागाचा वेगळा मागा. प्राणी कुठे आणि कसा मिळाला, रानातला की पाळलेला, हे लेखी घ्या. दाढांचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढे बोलूच नका.

आता याच माणसाने जिवंत जोड्या विकायला काढल्या आहेत: मायक्रोटस लेव्हिस, म्हणजे व्होलचीच आणखी एक प्रजाती, ‘कवटीच्या मापावरून खात्रीने ओळखलेले’. लेव्हिस आणि अर्व्हॅलिस दिसायला जवळजवळ सारखेच. गुणसूत्रं मोजावी लागतात, अर्व्हॅलिसची ४६, लेव्हिसची ५४, नाहीतर डीएनए तपासावा लागतो. जिवंत प्राण्याची कवटी कशी मोजली, असं मी विचारलं. उत्तर आलं: मापाची चिठ्ठी जोडीसोबत मिळेल.