निवडणुकीच्या दिवसांत घरच्या वडीलधाऱ्यांसाठी काय लावावं: पेपर, रेडिओ, टीव्ही की मोबाईल?

आचारसंहिता लागली की खेड्यात दिवसभर घरी सापडणारा मतदार म्हणजे म्हातारं माणूस, आणि प्रचारवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. तरणी माणसं वावरात, नाहीतर कामावर. ओसरीत बसलेल्या आबाजींच्या हातात मात्र पत्रक पडतं, कानावर भोंग्याची गाडी येते आणि नातवाच्या जुन्या मोबाईलवर व्हिडिओ येत राहतात. त्यांच्यासाठी पेपर लावावा, रेडिओ घ्यावा, डिश बसवावी की मोबाईलवर भागवावं हे ठरवताना सगळ्यांना एकच प्रश्न लावून पाहा: समोर आलेल्या मजकुराचे पैसे कोणी दिले, ते तिथं कळतं का? डोळे, कान, वीज आणि रेंजचा हिशेब त्यानंतर करा.

पेपरचं बळ म्हणजे तालुक्याचं पान. कोण उभं आहे, कोणी अर्ज मागं घेतला, कोणत्या गावात सभा झाली, हे इतक्या बारकाईनं दुसरीकडं मिळत नाही. छापलेलं पुन्हा वाचता येतं, कापून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर, गुन्हेगारी खटले असलेल्या उमेदवाराला त्या खटल्यांची माहिती पेपरात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावी लागते. अर्ज मागं घेण्याची मुदत संपल्यावर पहिल्या 4 दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसांत दुसऱ्यांदा, आणि नवव्या दिवसापासून प्रचार थांबेपर्यंत तिसऱ्यांदा. पेपरात तो मजकूर किमान 12 पॉइंटच्या अक्षरात हवा, म्हणजे नेहमीच्या बातमीपेक्षा ठळक दिसतो. टीव्हीवर तीच माहिती डोळ्यांसमोरून सरकून जाते. वर्षभर पेपर परवडत नसेल, तर निदान अर्ज मागं घेण्याच्या दिवसापासून मतदानापर्यंत लावाच.

धोकाही पेपरातच मोठा आहे. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख रुपये, लोकसभेला 95 लाख. उघड जाहिरात दिली की खर्चात धरली जाते, म्हणून तीच जाहिरात बातमीच्या कपड्यात छापून घेण्याचा मोह होतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं कौतुक करणारा तोच मजकूर शब्दशः वेगवेगळ्या मराठी दैनिकांत आला होता, आणि पुढं भारतीय प्रेस कौन्सिलनं 2010 मध्ये पेड न्यूजवर अहवाल दिला. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नावापुरता असतो आणि कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, हेही ध्यानात ठेवा. सगळा दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही, पण परिणाम वाचणाऱ्यालाच भोगावा लागतो.

विकतची बातमी ओळखायची कशी? बातमीत कोणी विरोधात बोललेलंच नसतं. फोटो उमेदवारानंच दिलेला, हात जोडलेला असतो. आकडा नसतो, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ आणि ‘विजय निश्चित’ मात्र असतं. त्याच पानावर दुसऱ्या उमेदवाराचीही तशीच, तितक्याच मापाची, विजय निश्चित करणारी बातमी असली तर शंकेला जागाच उरत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक पेपर तुमचा आणि शेजाऱ्यानं दुसरा लावायचा. दुपारी अदलाबदल करायची. तोच मजकूर दोन्हींत शब्दाला शब्द जुळला की तो अंक जपून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालयात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, तक्रार तिथं करता येते. पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात.

आणखी एक: आडगावांत येणारी डाक आवृत्ती लवकर छापलेली असते. रात्री उशिराची घडामोड त्यात नसते, ती चूक समजू नका.

रेडिओची बाजू वेगळी. नागपूर आकाशवाणी 1948 पासून सुरू आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो. लोकसभेसाठी ही पद्धत 1977 पासूनची. प्रत्येकाला ठरावीक वेळ आणि त्यावर मागच्या निवडणुकीतल्या मतांनुसार जादा वेळ, अशी ती वाटणी असते. म्हणजे कोणत्या पक्षाचं भाषण, हे नावानिशी सांगितलं जातं. ज्यांना मोतीबिंदूमुळं वाचता येत नाही त्यांना यापेक्षा चांगलं काही नाही, आणि लाईन गेली तरी सेलवर चालतो. गावातलं मात्र काही कळत नाही. बातमीपत्र राज्याचं असतं. घेताना मिडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही पट्टे असलेला घ्या, कारण एफएमचा पल्ला कमी आणि डोंगराआड तो तुटतो. मिडियम वेव्हवर घरघर आली तर आधी जवळचा मोबाईल चार्जर आणि एलईडी बल्ब बंद करून पाहा, मग रेडिओ आडवाच ठेवून हळूहळू फिरवा. पट्टीचा ॲन्टेना आतच असतो, एका दिशेला आवाज साफ होतो. मोबाईलमधल्या एफएमला बहुधा वायरचा इअरफोन लागतो, तोच त्याचा ॲन्टेना.

टीव्हीसाठी डीडी फ्री डिश एकदाच पैसे टाकून होते, महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री त्यावर दिसतं. जोराच्या पावसात चित्र अडकतं, ते बिघाड नव्हे. खासगी वृत्तवाहिन्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: मतमोजणीच्या दिवशी लावा, एरवी आबाजींना दिवसभर त्यांच्यासमोर बसवू नका. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत त्या मतदारसंघात टीव्हीवरून प्रचाराला बंदी असते, पण टप्पे वेगळे असले की ती शांतता पडद्यावर उतरत नाही. 2024 च्या लोकसभेला नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूरला 19 एप्रिलला मतदान होतं; अमरावती, अकोला, वर्धा, बुलढाणा आणि यवतमाळ-वाशीमला 26 एप्रिलला. एका भागात प्रचार थांबला तरी दुसऱ्या भागातल्या सभा वाहिन्यांवर सुरूच.

मोबाईलवर आमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. व्हॉट्सॲपवर पाठवणारा ओळखीचा असतो, बनवणारा नसतो. वडीलधाऱ्यांचा विश्वास नेमका पाठवणाऱ्यावर बसतो. दुहेरी बाण दिसला म्हणजे संदेश अनेक हातांतून आला, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो. पण कोणी व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून नव्यानं टाकला की बाण जातो. म्हणून बाण नाही म्हणजे खरं, असं आजींना शिकवू नका. सेटिंगमध्ये गोपनीयतेत जाऊन गटात जोडण्याची परवानगी फक्त माझ्या संपर्कांना द्या, आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. अर्धा कचरा तिथंच थांबतो.

या वयाच्या लोकांना सर्वांत जास्त घाबरवणारा निरोप पैशांचा: ‘अमक्याला मत दिलं नाही तर निराधारचे पैसे बंद’. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचं अनुदान वय, उत्पन्न आणि हयातीचा दाखला यांवर चालतं. मत गुप्त असतं आणि ते कोणाला दिलं याची नोंद कुठंच नसते. शंका आलीच तर तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत विचारा. एक्झिट पोलच्या नावानं शेवटच्या टप्प्याच्या मतदानाआधी काही आलं तर ते धरूच नका, तोवर त्यावर कायद्यानं बंदी असते.

पत्रकाची पारख मात्र सोपी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ नुसार त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. खाली बारीक ओळ नसेल तर ते पत्रक नियमाबाहेरचं. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर आचारसंहिताभंगाची तक्रार करताना फोटो त्याच ॲपमधून, लोकेशन चालू ठेवून काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो तिथं चालत नाही.

वाचता येत असेल तर पेपर आणि सेलवरचा रेडिओ ही जोडी घ्या. डोळे गेले असतील तर रेडिओ, आणि शाळेतल्या पोरानं संध्याकाळी तालुक्याचं पान मोठ्यानं वाचायचं. मोबाईल घरी असू द्या, पण तारखा आणि नियमांसाठी त्यातल्या फॉरवर्डवर विसंबू नका. घरून मतदानाचंच पाहा: आधी वय 80 होतं, मार्च 2024 मध्ये ते 85 झालं. तारीख नसलेला जुना संदेश 80 च सांगणार. त्यासाठी नमुना 12-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून 5 दिवसांत भरून द्यावा लागतो, बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राचा मतदारयादी पाहणारा कर्मचारी, तो घरी आणून देतो. एकदा ही सोय घेतली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, म्हणून चालता येणाऱ्या माणसाला विचारूनच फॉर्म भरा. ही सोय लोकसभा-विधानसभेची. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथले नियम वेगळे. लोकसभा-विधानसभेसाठी विचारायचं असेल तर 1950 वर फोन लावा.