रविवारी सकाळी अकराला दाखवलेलं घर

आम्हाला ते घर दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास. मी एजंटला म्हटलं होतं, एखाद्या दिवशी ऑफिस सुटल्यावर येतो, सातपर्यंत पोचू. त्याचं उत्तर ठरलेलं: "ताई, चावी मालकांकडे असते, ते रविवारीच देतात." तेव्हा ते पटलं. आज मला कुणी विचारलं तर सांगेन, चावी मिळत नसेल तर नको मिळू दे, संध्याकाळी जाऊन नुसतं त्या इमारतीच्या फाटकाशी अर्धा तास उभं राहा.

शहरातलं घर लहान पडत होतं, मुलगी मोठी होत होती, आणि उपनगरात तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त मिळत होती. झाडं, मोकळं आकाश, रस्त्यावर शांतता. आम्ही दोघं हरखून गेलो. जाहिरातीत लिहिलं होतं, स्टेशनपासून दहा मिनिटं. एजंटच्या गाडीतून आम्ही खरोखरच नऊ मिनिटांत पोचलो. मी घड्याळ लावून बघितलं होतं, त्यामुळे तर विश्वास जास्तच बसला.

माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो, म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम ८०० मीटर. स्टेशन निघालं ४ किलोमीटरवर. आणि ज्या रस्त्याने आम्हाला नेलं तो एका कारखान्याच्या आवारातला खासगी रस्ता. सुट्टीच्या दिवशी तिथला पहारेकरी ओळखीच्या गाड्या सोडतो, एरवी फाटक बंद. रोजचा रस्ता मोठा वळसा घालून, रेल्वे फाटकावरून. सकाळी पस्तीस मिनिटं, पाऊस असला तर विचारूच नका. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये निघण्याची वेळ बदलता येते, सोमवारी सकाळी साडेआठ टाकून अंदाज बघता येतो, हे मला माहीत होतं. तरी मी बघितलं नाही, कारण नऊ मिनिटं मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजली होती.

घर बघून निघताना जिन्यापाशी एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, हातात कापडी पिशवी, बोलायला अतिशय मोकळे. "या की राहायला! आम्ही सहा वर्षं आहोत इथे. पाण्याचा त्रास नाही, माणसं चांगली, लहान मुलांना खेळायला जागा." मुलीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. घरी परतताना आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतो. घर काय, कुठेही मिळेल, असा शेजार कुठे मिळतो!

राहायला गेलो त्या रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली ती वासाने. जळक्या कचऱ्याचा वास, आणि त्याखाली काहीतरी कुजल्याचा. मी आधी स्वयंपाकघरात गेले, गॅस बघितला, मोरी बघितली. मग खिडकी उघडली तर खोली भरूनच गेली. कचरा डेपो दोन किलोमीटरवर आहे, दिवसा त्याचा पत्ताही लागत नाही. नंतर यावर वाचलं तेव्हा कारण कळलं. दिवसा जमीन तापते, हवा वर चढते आणि वास, धूर तिच्यात विरून जातो. स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं: जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरच्या उबदार थरामुळे झाकण बसल्यासारखी खालीच अडकते. मग डेपोतला धूर जमिनीलगत पसरत घरात शिरतो. अशा हवेत लांबचा आवाजही खाली वळतो आणि जवळचा वाटतो. म्हणजे सकाळी अकरा ही वेळ चावीमुळे ठरली नव्हती.

आवाजाचंही तेच. शहरात अवजड वाहनांना दिवसा बंदी, त्यामुळे ट्रक रात्रीच निघतात आणि तो रस्ता आमच्या भिंतीला लागून. बेडरूमच्या खिडकीत फोन धरून मोजलं तर ट्रक जाताना आकडा ६५ डेसिबलच्या आसपास. फोनचं मोजमाप अगदी काटेकोर नसतं, मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस अशी आहे की रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं की मुलगी रात्रीत तीनदा का उठत होती ते कळतं.

पाणी एक दिवसाआड यायचं. त्यावर अधिक लिहीत नाही, कारण खरा घाव पावसाने घातला.

आमचं घर तळमजल्यावर. बघायला गेलो तेव्हा भिंतींना ताजा रंग होता, वास अजून येत होता. आणि एक गोष्ट मी तेव्हाच टिपली होती: सगळे प्लग पॉइंट छातीच्या उंचीवर होते. एकही खाली नाही. मला उलट बरं वाटलं, मुलीचा हात पोचणार नाही म्हणून. पहिल्या मोठ्या पावसात मोरीतून पाणी उलटं वर आलं आणि तासाभरात घरात पोटऱ्यांपर्यंत चढलं. समोरच्या घरातल्या आजींनी मला हात धरून आत बोलावलं. त्यांचा फ्रिज विटांच्या ओट्यावर, धान्याचे डबे वरच्या फळीवर, आणि प्लग पॉइंट आमच्यासारखेच उंचावर. "तुला कुणी सांगितलं नाही का गं? दर वर्षी येतं," त्या म्हणाल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या भिंतींच्या नव्या रंगाला फुगवटे आले, खालून लोणा बाहेर पडायला लागला. नखाने खरवडलं तर रंगाचे एकाखाली एक चार थर निघाले.

त्या गृहस्थांबद्दल मी आजींनाच विचारलं. आल्यापासून मी त्यांना शोधत होते, ओळख वाढवावी म्हणून. आजी म्हणाल्या, असं कुणी या इमारतीत राहत नाही.

घर सोडलं तेव्हा अनामत बुडाली. मुदतीआधी सोडल्यास रक्कम परत मिळणार नाही, असं कलम करारात होतं आणि त्याखाली आमच्या सह्या होत्या. एजंट म्हणाला, "पाणी भरत नाही असं मी कुठे लिहून दिलंय?" खरंच कुठेच नव्हतं, सगळं तोंडी. म्हणून कळवळून सांगते, प्रत्येक प्रश्न मेसेजवर विचारा आणि उत्तरही मेसेजवरच मागा. पाणी भरतं का, असं विचारू नका, त्याला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. मागच्या पावसाळ्यात कुठपर्यंत आलं होतं, असं विचारा. आणि एजंटने भेटवलेल्या माणसाला नको, सकाळी पेपर टाकणाऱ्या पोराला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, आपणहून दार वाजवून एखाद्या घरात विचारा. एकदा रात्री दहानंतर जा, एकदा पावसात जा. रंग ताजा असेल तर कपाट सरकवून मागची भिंत बघा.

सामान हलवायच्या आदल्या रविवारी मी रिकामी खोकी आणायला बाहेर पडले होते. पलीकडच्या इमारतीच्या जिन्यापाशी ते गृहस्थ उभे होते. तीच कापडी पिशवी. समोर एक तरुण जोडपं, तिच्या कडेवर लहान बाळ. "या की राहायला, आम्ही सहा वर्षं आहोत इथे," ते म्हणत होते आणि त्यांचा हात बाळाच्या डोक्यावर होता. माझे पायच हलेनात. मी हाक मारेपर्यंत ते दोघं गाडीत बसले होते आणि गाडी कारखान्याच्या रस्त्याकडे वळली होती.