एम्ब्रियो थॉ: स्टेपवाली का एका मिनिटाची?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दोन-तीन आयव्हीएफ सेंटरात कन्सल्टेशन झालं की मैत्रिणी मला हेच विचारून राहिल्या, गोठवलेला एम्ब्रियो (भ्रूण) वापरायच्या आधी वितळवतात, त्याला थॉ म्हणतात; एक लॅब म्हणते आम्ही नेहमीची स्टेपवाली थॉ करतो, दुसरी म्हणते आमच्याकडे एका मिनिटात होते, मग जायचं कुठं? मी स्वतः यातून गेली म्हणून सांगते.

आधी फाईल काढा. फ्रीझ कसं केलं त्यावर थॉ ठरते. जुने स्लो फ्रीझिंगवाले, म्हणजे हळूहळू गोठवलेले असतील तर स्ट्रॉ (एम्ब्रियो ठेवलेली बारीक नळी) थोडा वेळ हवेत, मग कोमट पाण्यात, मग टप्प्याटप्प्यानं फ्रीझिंगचं औषध काढतात. आता बहुतेक ठिकाणी विट्रिफिकेशनच असतं, म्हणजे बर्फ होऊ न देता झटक्यात गोठवणं. माझ्या फाईलवर पद्धतच लिहिलेली नव्हती, फोन करकरून चार दिवस गेले, फार जीव खालीवर झाला.

विट्रिफाईड एम्ब्रियो उणे १९६ डिग्रीतून काढून सरळ ३७ डिग्रीच्या द्रावणात टाकतात, कारण हळू गरम केलं तर मधेच बर्फाचे कण होतात आणि पेशी फाटतात. पण पेशीत फ्रीझिंगचं औषध असतं, ती एकदम पातळ द्रावणात गेली की पाण्यातल्या मनुक्यासारखी फुगते, म्हणून बाहेर साखरेचं गाढ द्रावण ठेवतात. स्टेपवाल्यात १ मिनिट गाढ, ३ मिनिटं त्याहून पातळ, मग वॉश, असे दहा-पंधरा मिनिटं जातात. एका मिनिटाच्या, म्हणजे वन-स्टेपमध्ये पहिलं मिनिट तेच, पुढे सरळ कल्चरमध्ये, म्हणजे एम्ब्रियो वाढवायच्या पोषक द्रावणात. हाताळणी कमी, एम्ब्रियो इन्क्युबेटरबाहेर कमी वेळ राहतो, आणि ब्लास्टोसिस्टवर, म्हणजे पाच दिवस वाढवलेल्या एम्ब्रियोवर, जगण्याचं प्रमाण स्टेपवाल्याइतकंच दिसलंय. तिसऱ्या दिवशी गोठवलेले असतील तर मी स्टेपवालीच घेईन, अनुभव तिथंच जास्त आहे.

ब्लास्टोसिस्ट असतील तर मला पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा वाटतो, जी लॅब जे रोज करते तेच तिला करू द्या. नव्या पद्धतीसाठी वेगळे पैसे मागितले तर मी तरी देणार नाही. त्यापेक्षा विचारा की गेल्या वर्षी थॉ केलेल्या १०० पैकी किती जगले, उत्तर ९०च्या वर यायला पाहिजे. आणि एक जगला नाही तर दुसरा लगेच काढायचा का, हे त्या दिवशी टेबलावर झोपून ठरवू नका, नवऱ्याशी बोलून आधीच संमतीपत्रावर लिहून द्या.