पिंजाऱ्याची गादी एक नंबर, पण झोप?

मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर आहे, मालाची प्रत ठरवतो, वय 57. त्यामुळे गादीवाल्यानं मला फसवणं जरा कठीणच. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या पिंजाऱ्यानं आधी जुनी, मळकट रुई काढली. चिमूटभर घेऊन ओढली, तर धागा लगेच तुटला. म्हटलं, भाऊ, आतला माल आण. मग नवी आली, पांढरीशुभ्र, सरकीचा तुकडा नाही. माझ्यासमोर पिंजली. 12 किलो भरली, म्हणजे सरकीसकट पस्तीस-छत्तीस किलो कापूस झाला, कारण क्विंटलभर कापसातून 33-34 किलोच रुई निघते. टाके हाताचे, दोरा दुहेरी. फोमच्या गादीत कंबर खचायची, ते बंद झालं. फक्त लय जड आहे, उन्हात टाकायला दोन माणसं लागतात.

पण रात्री तीनला डोळे उघडायचे ते उघडायचेच. सीझनमध्ये कापसाच्या गाड्या जिनिंगात रात्रीही येतात. मीटरवर ओलावा 12 टक्क्यांच्या वर दिसला की माल परत, आणि परत जाणारा शेतकरी बहुतेक ओळखीचाच. शिव्या मलाच. घरी आई अंथरुणाला खिळलेली, पोरीच्या लग्नाचं कर्ज, त्यात पुढच्या सीझनला मालक ठेवतो का नाही. एवढं घेऊन कोणत्याही गादीवर पडा! पिंजाऱ्याला बोलून दाखवलं तर म्हणे, "काका, मी रुई पिंजतो, डोकं नाही."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, वयानं गाढ झोप कमी होतेच. बीपीची लघवी होणारी गोळी रात्रीऐवजी सकाळी करून दिली. दुपारी चारनंतर चहा बंद (जिनिंगात हे सगळ्यात अवघड). वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर लोळत पडायचं नाही, ओसरीत बसायचं, पेंग आली की परत. उठायची वेळ रोज एकच. झोपेची गोळी मागितली तर म्हणाल्या, अंधारात उठाल अन् तोल जाऊन पडाल. टेली-मानस, म्हणजे मनावरचा ताण बोलायची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 नंबरही दिला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आईबद्दल जे घरात कोणाजवळ काढलं नव्हतं ते तिथं बोललो.

आता बऱ्याच रात्री पाचपर्यंत झोप लागते. त्याचं श्रेय गादीला देत नाही, दोषही देत नव्हतो. गादीला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो खोळीचा, पहिल्याच धुण्यात आटली. खोळ दुसरीकडून शिवून घ्या.