जुन्या ४०७ मध्ये बसवलेला ॲमीटर : आठ महिन्यांनंतर

आमची टाटा ४०७ १९९८ ची आहे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला माल भरायचा, माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे पहाटेच्या आत वाशी गाठायची, हे तिचं काम. मागच्या पावसाळ्यात घाटात हेडलाइट पिवळे पडत गेले. मुरबाडला चहाला गाडी बंद केली, पुन्हा सेल्फ मारला तर नुसता टकटक आवाज. माल उशिरा पोहोचला आणि भाव उतरलेला मिळाला. फॅनबेल्ट ढिला होऊन घसरत होता, एवढंच कारण. चार्जिंगचा दिवा मात्र एकदाही पेटला नव्हता.

जुन्या डिझेल गाडीचा हा मोठा धोका आहे. आमच्या गाडीत पंप यांत्रिक आहे, इंजिन खटका ओढून बंद होतं. एकदा सुरू झालं की त्याला वीज लागत नाही, त्यामुळे डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) कमी पडला तरी गाडी छान पळत राहते. तोवर बॅटरी गुपचूप रिकामी होत असते. दिवा तर डायनामोने व्होल्टेज पार टाकलं तरच पेटतो. करंट बॅटरीत जातोय की बाहेर येतोय, हे फक्त ॲमीटरच सांगतो.

पहिल्यांदा एका वायरमनकडून सगळा करंट आतून जाणारा साधा मीटर डॅशबोर्डमध्ये बसवून घेतला. काटा कायम उणे बाजूला, अधिककडे कधी गेलाच नाही. कारण डायनामोची जाड वायर सेल्फच्या टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीच्याच केबलवर जोडलेली, आणि मीटर डॅशबोर्डकडे जाणाऱ्या वायरमध्ये. त्याला फक्त खर्च दिसत होता, जमा दिसतच नव्हती. त्यात आठवड्याभरात हादऱ्यांनी मागचा नट सैल झाला, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) तापलं, जळका वास आला. बॅटरीची थेट वायर केबिनमध्ये, तीही फ्यूजशिवाय! त्याच दिवशी काढून टाकला.

जानेवारीत शंटवाला बसवला, आणि हा मी कुणालाही खात्रीने सुचवीन. शंट म्हणजे अगदी कमी रोधाची ठरावीक पट्टी. माझ्या शंटमधून ५० अँपिअर गेले की दोन टोकांत ७५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ५०-०-५० चा, मध्ये शून्य असलेला मीटर तेवढाच मोजतो. जाड वायर इंजिनाजवळच राहते, केबिनमध्ये येतात फक्त दोन बारीक वायरी.

खरी मेख जागेची आहे. शंटच्या एका बाजूला बॅटरी. दुसऱ्या बाजूला डायनामोची जाड वायर आणि गाडीचा सगळा लोड, दोन्ही एकाच जागी. सेल्फची केबल पूर्वीसारखीच थेट बॅटरीला, कारण सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. अशी जोडणी केली की डायनामो २० देतोय आणि गाडी १४ खातेय, तर काटा अधिक ६ दाखवतो. काटा उलटा फिरला तर दोन बारीक वायरींची अदलाबदल करायची, बस्स.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढाच. शंटची दोन्ही टोकं जिवंत असतात, म्हणून तो बेकलाइटच्या पट्टीवर बसवून वर झाकण दिलं. जाड वायर १० चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतली, थिंबल दाबून बसवली, बॅटरीच्या बाजूला ६० चा फ्यूज टाकला. दोन्ही बारीक वायरींना शंटपाशीच एकेक अँपिअरचा फ्यूज आहे. शंटचे नट दर पंधरा दिवसांनी पान्याने तपासतो. चालू इंजिनावर तिथली जोडणी सुटली तर डायनामो बॅटरीपासून तुटतो आणि त्याचे डायोड जाऊ शकतात.

आता अनुभव. सकाळी गाडी सुरू केली की काटा अधिक १५-२० वर जातो आणि दहाएक मिनिटांत २-३ वर येऊन बसतो. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले की उणे १०. इंडिकेटर लावला की काटाही त्याच ठेक्यात हलतो. जुलैत चढावर लाइट आणि वायपर चालू असताना काटा उणे ४ वर राहू लागला. दिवा बंदच होता! थांबून पाहिलं तर बेल्ट पुन्हा ढिला. तो ताणला आणि काटा अधिककडे आला. त्या रात्री मुरबाडला मी निर्धास्त गाडी बंद केली.

ऑगस्टमध्ये उलटं झालं. तासभर चालूनही काटा १२ च्या खाली येईना. व्होल्टमीटर लावला तर १४.२, म्हणजे कटआउट (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बरोबर. मग हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) बॅटरी तपासली, एक सेल बसत चालला होता. ती रस्त्यात दगा देण्याआधीच बदलली. म्हणून सोबत व्होल्टमीटरही असू द्या.

उणिवाही आहेत. हा पॅनलचा मीटर, गाडीसाठी बनलेला नव्हे. खड्ड्यांत काटा थरथरतो. मागे रबरी वॉशर घातल्यावर थरथर कमी झाली, पण गेली नाही. पावसात काचेला आतून दव धरतं. आत दिवा नसल्याने बाहेरून छोटा बल्ब लावावा लागला. आणि रात्रभर उभ्या गाडीतली बारीक गळती यावर दिसत नाही. तिच्यासाठी मल्टिमीटरच हवा.

मोठ्या २४ व्होल्टच्या ट्रकलाही हाच मीटर आणि शंट चालतो, कारण मोजायचा तो करंट. शंट आणि मीटर डायनामोच्या अँपिअरपेक्षा मोठे घ्या, आणि बल्ब तेवढा २४ व्होल्टचा लावा.